चुरमुऱ्याचा खाऊ

सबनीसांच्या घरी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दोन पानं मांडली जातात. एका पानात वरण, भात, डावीकडे लिंबाची फोड आणि चटणी, उजवीकडे भाजी. दुसऱ्या पानात, म्हणजे एका खोल काचेच्या वाटीत, पंधरा जिवंत रातकिडे. पहिलं पान सबनीसांचं. दुसरं चुरमुऱ्याचं.

चुरमुऱ्या सरडा आहे. मूळ ऑस्ट्रेलियाकडचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला. जर्मन लोक त्याला बार्टागामे म्हणतात. आमच्या बिल्डिंगमध्ये आला तेव्हा तीन महिन्यांचा होता आणि शेपटीसकट मोजला तरी वीतभर भरत नव्हता. नाव सबनीसांच्या नातीने, इराने ठेवलं होतं : क्र्युमेल. क्र्युमेल म्हणजे पावाचा खाली पडलेला कण. सबनीसांनी त्याचं भाषांतर करायला घेतलं. सरळ भाषांतर 'चुरा' झालं असतं, पण जिवंत प्राण्याला चुरा म्हणणं त्यांना बरं वाटेना. मग चुरमुरा, आणि लाडाने चुरमुऱ्या.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मराठी मंडळींत सबनीसांचा एक किस्सा सांगतात. या माणसाने म्हणे तक्ते भरभरून एक सरडा उपाशी मारायला काढला होता. किस्सा रंगतो. त्यात वरणभात येतो, रातकिडे येतात, थर्मामीटर येतो, आणि गणपतीच्या जेवणात पंगत हसते. तो किस्सा पहिल्यांदा मी सांगितला. तो चुकीचा आहे.

मी कऱ्हाडला एका शाळेत चौतीस वर्षं हेडक्लार्क होतो. मुलांची नावं, जन्मतारखा, दाखले, सगळं माझ्या हातून जायचं. जनरल रजिस्टरात एखादी चुकीची नोंद राहिली तर मला रात्री झोप लागत नसे. आता एकोणऐंशी वर्षांचा आहे, मुलाकडे राहतो, आणि एक नोंद चुकीची राहिली आहे. ती दुरुस्त करण्यापुरतं हे लिहितो आहे. पण दुरुस्ती करायची तर आधी माणूस कळायला हवा.

सबनीस इथल्या मोटारीच्या कारखान्यात एकतीस वर्षं इंजिनियर होते. इंजिनियर म्हटल्यावर आपल्याला इंजिन वाटतं. सबनीसांचं खातं दाराचं. दार म्हणजे अख्खं दारही नाही, दार लागतानाचा आवाज. महागाची गाडी घेणारा माणूस शोरूममध्ये आधी दार उघडून लावून बघतो, आणि तो आवाज जर 'खळ्ळ' आला तर पुढचं सगळं फुकट. तो 'धप्प' यायला हवा. मऊ, जड, एकाच वेळी. एकतीस वर्षं हा माणूस एका खोलीत बसून दारं लावत होता आणि ऐकत होता.

रिटायर झाल्यावरही कान रिटायर झाले नाहीत. पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेलो, आत आलो, दार लावलं, तर म्हणाले, "मोहिते, पुन्हा एकदा लावा बघू."

मी पुन्हा लावलं.

"आता टॉलरन्समध्ये आलं," म्हणाले. "बसा."

टॉलरन्स हा त्यांचा लाडका शब्द. चहात साखर, बसची वेळ, सुनेचा स्वभाव, सगळं एक तर टॉलरन्समध्ये असतं किंवा टॉलरन्सच्या बाहेर. दुसरा शब्द 'गेनाऊ'. म्हणजे 'अगदी बरोबर'. तुम्ही काहीही म्हणा, ते 'गेनाऊ' म्हणणार आणि लगेच उलटं बोलायला लागणार. वाक्याची सुरुवात 'आल्झो'ने. 'आल्झो' म्हणजे आपलं 'तर मग'. आल्झो म्हणाले की समोरच्याने चहा गार व्हायला ठेवावा.

दाराच्या आवाजावरून ते माणसं ओळखत. जिन्यात बसून नव्हे, आपल्या खुर्चीत बसून. "तिसऱ्या मजल्यावरची बाई आली, आज चिडली आहे," असं म्हणायचे आणि वरून खरंच भांड्यांची आदळआपट ऐकू यायची. माझ्या मुलाला बढती मिळाली हे त्यांना माझ्याआधी कळलं. त्या संध्याकाळी त्याने दार जरा मोठ्याने लावलं होतं म्हणे.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तीन वर्षांपूर्वी गेल्या. मी इथे आलो त्यानंतर, त्यामुळे मी त्यांना फोटोतच पाहिलं. तेव्हापासून सबनीस ओट्यापाशी उभे राहून ब्रेड आणि चीज खायचे. गॅस पेटवायचे तो चहापुरता. मी एकदा विचारलं तर म्हणाले की एका माणसासाठी कुकर लावणं हे एनर्जीच्या दृष्टीने टॉलरन्सच्या बाहेर आहे.

मुलगा-सून ड्रेस्डेनला. मुलगा तिथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. इरा दहा वर्षांची, मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमधून. आजोबांना 'ओपा' म्हणते. फोन यायचा तो वाढदिवसाला आणि दिवाळीला. दोघांना एकमेकांशी काय बोलावं हे कळत नसे. सबनीस विचारायचे, शाळा कशी आहे. ती म्हणायची, गूट, म्हणजे छान. मग दोन्हीकडे शांतता, आणि मग सबनीस म्हणायचे, गेनाऊ.

इराला वाढदिवसाला सरडा मिळाला आणि आठ दिवसांत तिच्या आईच्या बुटात दोन रातकिडे निघाले. सुनेने निर्वाणीचं सांगितलं. मोठं घर मिळेपर्यंत सरडा ओपाकडे राहील असं ठरलं. संक्रांतीच्या सुमाराला मुलगा गाडीत काचेची पेटी, दिवे, भुकटीच्या डब्या आणि सूचनांची चार पानं घेऊन आला. इराची अट एकच होती : रोज सहा वाजता तिला व्हिडिओवर त्याचं जेवण दाखवायचं.

सबनीसांच्या घरात रोज फोन वाजू लागला, तो असा. लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून ठेवायचे, शेजारी वाटी, समोर पेटीत चुरमुऱ्या. आणि चुरमुऱ्या जेवायचा नाही.

सूचनांत लिहिलं होतं की या वयात त्याने भरपूर किडे खायला हवेत, वाढीचं वय आहे. रातकिड्यांना कॅल्शियमची भुकटी लावायची, म्हणजे हाडं धरतात. सबनीस किडे दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करत, पिशवीत भुकटी घालून हलवत, आपण भज्यांना पीठ लावतो तसे. मग एकेक चिमट्याने पुढे. चुरमुऱ्या एक खायचा, फार तर दोन, आणि मग पुढचा एक पाय उचलून हवेत सावकाश फिरवायचा.

पिल्लं असं करतात. मोठ्या सरड्याला 'मी लहान आहे, मला मारू नको' असं सांगायची ती खूण आहे, हे नंतर कळलं. पण सबनीसांना ती खूण ओळखीची वाटली. पानावर आडवा हात धरून 'पुरे, पुरे' म्हणणारा पाहुणा त्यांनी आयुष्यभर पाहिलेला. आणि आपल्याकडे पहिलं 'नको' कोणी खरं धरत नाही.

"असं कसं चालेल," ते सरड्याला म्हणायचे. "काहीच घेतलं नाहीस. एक माझ्यासाठी. बरं, एक इरासाठी."

चुरमुऱ्या पाय हलवायचा. सबनीस आणखी एक वाढायचे. तो घाबरून पाय आणखी हलवायचा, ते आणखी आग्रह करायचे. फोनमधून इरा विचारायची, ओपा, किती खाल्ले. सबनीस म्हणायचे, दोन. फक्त दोन, असं ती जर्मनमध्ये म्हणायची, आणि मग दोघं त्यावर पंधरा मिनिटं बोलायची. तापमान किती होतं, रंग कसा होता, शी केली का. मी पलीकडच्या सोफ्यावर बसलेला असे. आजोबा आणि नात सरड्याच्या शीवर इतक्या जिव्हाळ्याने बोलताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

सबनीसांनी तक्ता केला. दिलेले किडे, खाल्लेले, परत आलेले, दगडाचं तापमान, सावलीतलं तापमान, शेऱ्याचा रकाना. खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून पेटी चार सेंटिमीटर सरकवली. दाराच्या धक्क्याने बिचकतो म्हणून पेटीखाली नमदा घातला. बोटभर कोथिंबीर चिरून पाहिली, दुधी किसून पाहिला. या गडबडीत काही रातकिडे पळाले आणि फ्रिजमागे गाऊ लागले. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाई तक्रार घेऊन आल्या असं वाटलं, तर त्या म्हणाल्या की फार छान वाटतं, इटलीत सुट्टीवर असल्यासारखं.

मग एक दिवस सबनीसांच्या डोक्यात आलं की एकट्याला जेवण जात नाही. समोर कोणी जेवत असेल तर तोही जेवेल. त्या दिवशी तीन वर्षांनी त्या घरात कुकरची शिट्टी झाली. सबनीसांनी पाट घ्यायचा तेवढा बाकी ठेवला, नाही तर सगळं साग्रसंगीत. स्वतःचा घास घ्यायचा, चुरमुऱ्याला दिसेल असा चावायचा, मग चिमटा पुढे करायचा. लोक हसतात ते या भागाला.

आता माझा भाग.

सबनीस दुपारी दोन ते तीन झोपतात. त्या वेळात दिव्यावर आणि चुरमुऱ्यावर लक्ष ठेवायला कोणी हवं म्हणून त्यांनी मला किल्ली दिली. खरं तर लक्ष ठेवण्यासारखं काही नव्हतं. दिवा आपोआप चालू-बंद होत असे. पण मला बरं वाटलं. मुलगा-सून कामावर गेल्यावर सहा वाजेपर्यंत माझी कोणाला गरज नसते.

पहिल्या दिवशी गेलो आणि पेटीसमोर बसलो. चुरमुऱ्या दगडावरून मान तिरकी करून माझ्याकडे बघत होता. ज्या घरात लहान मूल आहे तिथे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे माझ्या आईने माझ्या अंगी इतकं बाणवलं आहे की मला त्या नजरेची लाज वाटली. चार महिन्यांचं पोर, आणि मी हात हलवत आलो.

फ्रिजच्या दारात एक छोटी डबी होती. तिच्यात भुशामध्ये पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या असतात, मेणअळ्या. सबनीसांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की त्या फक्त रविवारी, आणि एकच. मी एक काढली. चुरमुऱ्याने ती माझ्या बोटांतून इतक्या चटकन उचलली की मी दचकलो. मग त्याने जीभ फिरवली आणि परत माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी दिली.

इथे खरं लिहायला हवं. मी नुसत्या मायेने नाही दिली. जो सबनीसांच्या हातून, थर्मामीटर लावून, तक्ता भरून खात नव्हता, तो माझ्या हातून खात होता. कऱ्हाडच्या हेडक्लार्कला जर्मनीत पहिल्यांदाच काहीतरी इंजिनियरपेक्षा बरं जमलं होतं. ही गोष्ट सबनीसांना सांगितली असती तर ती माझी राहिली नसती.

रोज तीन-चार अळ्या. मग डबीतल्या अळ्या कमी दिसू नयेत म्हणून मी स्टेशनजवळच्या प्राण्यांच्या दुकानातून तसलीच डबी आणू लागलो आणि भर घालू लागलो. मला जर्मन येत नव्हतं. बोटाने दाखवलं. काउंटरवरची मुलगी हसून 'फोरेले?' असं काहीतरी विचारायची. मी मान डोलवायचो. निघताना ती म्हणायची, 'पेट्री हाइल'. मला वाटलं हा इथला निरोप घेण्याचा खास प्रकार असेल. मी जिन्यात भेटेल त्याला 'पेट्री हाइल' म्हणू लागलो. लोक थबकायचे. पुढे कळलं की फोरेले म्हणजे ट्राउट मासा, आणि पेट्री हाइल हे मासेमारी करणाऱ्यांनी एकमेकांना द्यायच्या शुभेच्छा. ती मुलगी मला गळ टाकणारा म्हातारा समजत होती आणि आमच्या जिन्यातले लोक मला वेडा.

माझ्या डब्या मी घरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात लपवत असे. सूनबाईने एकदा तो उघडला. डबा होता तिथे ठेवला, आणि पुढचे दोन दिवस मला वाढताना जरा लांबून वाढलं.

आता कोणालाही कळेल की रोज दुपारी पेढे खाणारं पोर संध्याकाळी पोळी-भाजीकडे का बघत नाही. मलाही कळायला हवं होतं. थोडंफार कळतही होतं. पण सबनीस सहा वाजता 'फक्त एकच खाल्ला' म्हणायचे तेव्हा मी सोफ्यावर बसून काळजीचा चेहरा करायचो.

मार्च संपता संपता चुरमुऱ्या उतरत्या तक्त्यावर होता. वाढ थांबली होती, मागचे पाय थरथरायचे. सबनीसांच्या मुलाने फोनवर स्पष्ट सांगितलं की ईस्टरपर्यंत हा नीट जेवला नाही तर तो येऊन घेऊन जाईल आणि ड्रेस्डेनजवळच्या एका सरडे पाळणाऱ्याला देऊन टाकेल. इराला दुसरं काहीतरी घेऊ, मांजर वगैरे. सबनीस गेनाऊ म्हणाले आणि या वेळी उलटं काही बोलले नाहीत. मांजराचं जेवण कोणी व्हिडिओवर बघत नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरकडे आम्ही दोघं गेलो. चुरमुऱ्याला गरम पाण्याच्या पिशवीसकट एका जेवणाच्या बॅगेत घालून मी मांडीवर घेतलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने पोट दाबलं, जबडा दाबला, वजन केलं, तक्ता पाहून भुवया उंचावल्या. मग तिने एक प्रश्न विचारला. त्यात मला काहीच कळलं नाही. सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर, दाराचा आवाज ऐकताना बघतात तसं कुठेच न बघता. मग म्हणाले, "या. इश." म्हणजे 'हो. मी.' एवढं मला समजलं, पण कशाचं हो ते नाही.

बाई पुढे बरंच बोलली, जरा कडक आवाजात. सबनीस शाळेतल्या मुलासारखे मान खाली घालून ऐकत होते.

बसमध्ये मी विचारलं, काय म्हणाली. म्हणाले, "आल्झो, दिव्याची ट्यूब जुनी झाली आहे. बदलायला सांगितली."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. ट्यूब होती तर.

सबनीसांनी खरंच ट्यूब बदलली. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी गेलो, फ्रिज उघडला, तर मेणअळ्यांची डबी गायब. तिच्या जागी स्टीलची एक छोटी डबी. झाकणावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर ड्रॉइंगच्या सरळ अक्षरांत मराठीत एकच शब्द : खाऊ. आत डँडेलियनची पिवळी फुलं, देठ काढलेली, धुतलेली. मला वाटलं, सबनीसांनी रविवारचा खाऊ बदलला असेल. मी एक फूल पुढे केलं. चुरमुऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला श्रीखंडाच्या डब्याची आठवण झाली. पण तो डबाही सूनबाईने कचऱ्यात टाकला होता, आणि पुन्हा डबी आणायचा मला धीर होईना.

पाच दिवस तो रुसला. सहाव्या दिवशी त्याने फूल खाल्लं. त्या संध्याकाळी सहा रातकिडे. तीन दिवसांनी अकरा. ईस्टरच्या आदल्या दिवशी पंधराच्या पंधरा, आणि वाटी चाटून.

पण ते बघायला कोणी नव्हतं. डॉक्टरकडून आल्यापासून फोन येत नव्हता. सबनीस बरणीला फोन टेकवून ठेवायचे, दोन पानं मांडायचे, घास दाखवून दाखवून चावायचे, आणि मधूनच काळ्या पडद्याकडे बघायचे. मी विचारलं तर म्हणाले, इराची परीक्षा आहे. बारा दिवस परीक्षा. त्याच दिवसांत मी मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात तो किस्सा सांगितला. उपाशी सरडा, तक्ता, थर्मामीटर, आणि शेवटी ट्यूब. हशा झाला. सबनीस टेबलाच्या टोकाला बसून हसत होते, सगळ्यांच्या नंतर आणि जरा हळू.

तेराव्या दिवशी फोन वाजला.

पुढे उन्हाळ्यात मुलाने मला फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे इथल्या मोठ्या माणसांच्या शाळेत, जर्मनच्या पहिल्या वर्गाला घातलं. पेट्री हाइलचा उलगडा तिथेच झाला, पहिल्याच दिवशी, मास्तरीणबाईंना निरोप देताना. हळूहळू शब्द लागू लागले. एका आठवड्यात आम्ही 'टेग्लिश' शिकलो. टेग्लिश म्हणजे रोज.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सबनीसांच्या फ्रिजसमोर उभा होतो. फ्रिजवर चुंबकाखाली डॉक्टरीणबाईंचा कागद महिनोन्‌महिने लटकत होता, वजनाचे आकडे म्हणून मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यात मला टेग्लिश दिसलं. मी खूश होऊन आधीचे आणि नंतरचे शब्द जुळवायला बसलो. शब्दकोश काढला. अर्ध्या तासाने वाक्य लागलं. आयुष्यात मी पूर्ण वाचलेलं ते पहिलं जर्मन वाक्य : मालकाने सांगितले की तो या प्राण्याला रोज मेणअळ्या देत असे.

तीन वाजले. सबनीस उठून बाहेर आले, माझ्या हातातला शब्दकोश पाहिला, कागद पाहिला.

"आल्झो," म्हणाले. "वाचता यायला लागलं तर."

"सबनीस, हे तुम्ही सांगितलंत?"

"तिने विचारलं, कोण देतं. कोणीतरी हो म्हणायला हवं होतं."

"पण तुम्हाला कसं कळलं?"

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "रोज सव्वादोनला माझा फ्रिज उघडतो. झोपेतही ऐकू येतं. मला वाटायचं तुम्ही बर्फी खाता. तुम्हाला साखर आहे. कसं बोलायचं? म्हणून मी बर्फी आणणंच बंद केलं. तरी फ्रिज उघडतोच आहे. मी म्हटलं, आता हा माणूस काय खातो? मग बाईने विचारलं आणि कळलं."

मी म्हटलं, "आणि इरा?"

"मुलाला मी कागदाचा फोटो पाठवला होता, त्याने तिला दाखवला. ओपा खोटं बोलला असं म्हणाली. रोज तक्ता दाखवतो आणि चोरून गोड देतो. बरोबरच आहे तिचं. टॉलरन्सच्या बाहेर आहे ते."

"मला का नाही सांगितलंत?"

सबनीस उठले. बाहेरच्या दाराशी गेले, दार उघडलं आणि लावलं. धप्प.

"हे दिवसातून दोनदा वाजतं," म्हणाले. "तुम्ही येता तेव्हा आणि जाता तेव्हा. त्याआधी मीच लावायचो आणि मीच ऐकायचो. स्वतः लावलेल्या दाराचा आवाज नीट कळत नाही हो, मोहिते."

मी किल्ली परत करायची म्हणून खिशात हात घातला होता. तो तसाच बाहेर काढला. दुसऱ्या खिशात लाल पेन असतं, सवयीने. मी कागद खाली काढला, 'मालकाने' या शब्दावर शाळेत मारतो तशी एक सरळ लाल रेघ मारली, वर माझं नाव लिहिलं, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख घातली. सबनीसांनी चष्मा लावून ते तपासलं.

"गेनाऊ," म्हणाले. आणि लगेच, "पण मंडळात सांगू नका. तुमचा किस्सा चांगला आहे, कशाला बिघडवता."

मी तेव्हा ऐकलं. आज ऐकत नाही.

सहा वाजता फोन वाजला. मी सोफ्यावरून उठून बरणीसमोर गेलो आणि दुपारभर पाठ केलेलं म्हणालो, "इश वार दास. निश्ट ओपा." ते मी होतो, ओपा नव्हे.

इराने माझ्याकडे पाहिलं, मग ओपाकडे. मग विचारलं, "वारुम?" का?

याचं उत्तर पहिल्या वर्गात शिकवत नाहीत. सबनीस मदत करतील म्हणून त्यांच्याकडे पाहिलं, तर ते मुद्दाम भात वाढत होते. मी शेवटी म्हणालो, "खाऊ."

ती फोनच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "आख झो. खाऊ." म्हणजे 'अस्सं होय'. आणि पुढे मराठीत, अडखळत, "आजी पण द्यायची. चोरून."

सबनीसांचा डाव भाताच्या भांड्यात तसाच राहिला. चुरमुऱ्याने वाटीतला शेवटचा किडा संपवला. मी म्हटलं, निघतो, सूनबाई वाट बघत असेल. पण तोवर टेबलावर तिसरं पान आलं होतं आणि त्यात भाताची मूद पडली होती. मी पानावर आडवा हात धरला आणि सावकाश हलवला.

"असं कसं चालेल," म्हणत सबनीसांनी त्यावर वरण वाढलं.